जुने सेल आणि नागपूरचा उन्हाळा

आपल्या रविवार पुरवणीतील जुन्या लॅपटॉप बॅटरीपासून पॉवर बँक बनवण्याविषयीचा लेख वाचला. हा छंद चांगलाच. मात्र ‘सेलला मोबाइलचा चार्जर जोडा’ ही सूचना दुरुस्त करायला हवी. लिथियम-आयन सेल ४.२ व्होल्टला पूर्ण भरतो, चार्जर देतो ५ व्होल्ट. थेट जोडल्यास सेल तापतो, वायू सोडतो, प्रसंगी पेटतो.

मध्ये टीपी ४०५६ मॉड्यूल, म्हणजे सेलचे चार्जिंग नियंत्रित करणारी छोटी सर्किट पट्टी हवी, तीही संरक्षण सर्किट असलेली. ती सहसा १ अँपिअर करंट देते. थकलेल्या सेलला तो जास्त होतो. तिच्यावरचा करंट ठरवणारा १.२ किलोओहमचा रेझिस्टर काढून २.४ किलोओहमचा लावला की करंट निम्म्यावर येतो.

मल्टिमीटरवर २ व्होल्टच्या खाली दिसणारा सेल बाद समजावा. त्याला पुन्हा जागवण्याच्या युक्त्या बऱ्याच सांगितल्या जातात. पण आतले तांबे विरघळलेले असू शकते आणि चार्ज करताना आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. धन टोकाजवळचे प्लास्टिक आवरण फाटले असेल तर आधी ते बदलावे, कारण त्याखालचा संपूर्ण डबा ऋण टोक असतो आणि धन टोकाशी जोडला गेला तर शॉर्ट होतो. सेलवर थेट सोल्डरिंगही नको. निकेलची पट्टी स्पॉट वेल्डिंगने जोडावी.

राहिला उन्हाळा. बहुतेक उत्पादक ४५ अंशांपर्यंतच चार्जिंगची मुभा देतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा त्यापलीकडे जातो, पत्र्याच्या खोलीत तर विचारायलाच नको. चार्जिंग रात्री, उघड्या फरशीवर, गादी-पडद्यांपासून दूर आणि कोणीतरी जागे असतानाच करावे.

— एक वाचक, धरमपेठ, नागपूर