मांचुरियात गेलेले सगळे साम्राज्यवेडे नव्हते

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवार पुरवणीतला जपानी साम्राज्यावरचा लेख वाचला. सामान्य जपानी माणसं ‘साम्राज्याच्या नशेत’ कोरियात आणि मांचुरियात, म्हणजे जपानच्या ताब्यातल्या ईशान्य चीनमध्ये, गेली, असं लेखकाने एका वाक्यात उरकलं आहे. ते पटलं नाही.

कोरियाचं एक वेळ सोडा. बुसान, सोलसारख्या शहरांत गेले ते मुख्यतः दुकानदार, व्यापारी आणि जादा भत्ता मिळणारे सरकारी नोकर. मांचुरियात गेलेला शेतकरी वेगळा. सगळ्यांत जास्त लोक गेले ते नागानो प्रांतातून. डोंगराळ मुलूख, तुकड्यातुकड्यांची शेती आणि हातात रोकड यायची ती रेशमाच्या कोषांची. हे रेशीम अमेरिकेत जायचं. 1929 च्या मंदीत तिथली मागणी आटली, कोषांचे भाव कोसळले, घरोघरी कर्ज झालं. जमीन बहुधा थोरल्याच्या वाट्याला. मग धाकट्यांनी करायचं काय? अमेरिकेने तर जपानी स्थलांतरितांना 1924 मध्येच दार लावून घेतलं होतं. अशा वेळी सरकार मांचुरियात दहा हेक्टर, म्हणजे आपले जवळपास पंचवीस एकर, देऊ करत होतं.

1936 मध्ये वीस वर्षांत दहा लाख कुटुंबं पाठवायची योजना ठरली आणि गावोगाव ‘जादा’ कुटुंबं मोजली जाऊ लागली. नागानोतल्या ओहिनाता गावाने 1938 पासून निम्म्याच्या आसपास घरं मांचुरियात हलवायला घेतली. जाणाऱ्यांची जमीन मागे राहणाऱ्यांत वाटायची होती. मग शेजाऱ्याने जावं असं कुणाला वाटणार नाही? याला निव्वळ राजीखुशीचा मामला म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

म्हणून त्यांना निर्दोष ठरवा असं मात्र नाही. ते पंचवीस एकर बऱ्याचदा चिनी आणि कोरियन शेतकऱ्यांकडून दमदाटीने, कवडीमोल भावात घेतलेले होते, तेही कसलेल्या रानासकट. मूळ मालक पुष्कळदा तिथेच कूळ नाहीतर मजूर म्हणून राबत होता. रोज त्याचं तोंड पाहणाऱ्याला हे कळत नव्हतं, हे मी मानणार नाही.

ऑगस्ट 1945 मध्ये सोव्हिएत फौजा घुसल्या तेव्हा कर्ते पुरुष आधीच सैन्यात ओढले गेले होते आणि मांचुरियातली जपानी फौज, म्हणजे क्वांतुंग सेना, मागे हटली होती. सुमारे 2 लाख 70 हजार वसाहतवाल्यांपैकी 80 हजारांच्या आसपास मेले, त्यांत बायका-मुलं फार. ओहिनाताचे जे परतले त्यांतल्या बऱ्याच जणांना गावात जागाच नव्हती. कारुइझावाजवळ असामा ज्वालामुखीच्या पायथ्याशी त्यांनी नव्याने रान मोडलं.

लेखाचा पुढचा भाग येणार असेल, तर ही योजना टोकियोत बसून आखणाऱ्या मंत्र्यांचा आणि सेनाधिकाऱ्यांचा हिशेब त्यात जरूर यावा.

– आपला एक वाचक, सातारा