आधी मोबाईल खाली ठेवा, मग बेस गिटारवर भांडा

महोदय,

गेले तीन रविवार आपल्या पुरवणीतल्या पत्रांत जगातला सर्वांत थोर बेस गिटारवादक कोण यावरून वाचकांची चांगलीच जुंपली आहे. एकजण जाको पास्टोरियसचा झेंडा घेऊन उभा, दुसरा बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीचा, आणि तिसऱ्याने 'रोलिंग स्टोन' मासिकाची २०२० सालची पन्नास जणांची यादीच पुढे केली. मी १९८० नंतरची आठ-नऊ वर्षं गिरणगावातल्या एका ऑर्केस्ट्रात बेस वाजवला आहे. आता बोटांत ती ताकद नाही, पण तोंडात आहे, म्हणून हे पत्र.

पहिली शंका अशी की भांडणाऱ्यांपैकी किती जणांनी बेस, म्हणजे खालच्या सुरांची ही चार तारांची गिटार, खरोखर ऐकलीय? या गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली की सेकंदाला साधारण ४१ कंपनं होतात. मोबाईलच्या चिमुकल्या स्पीकरातून ती बाहेरच पडत नाहीत. वरचे सूर ऐकून खालचा आपण मनाने भरून घेतो, एवढंच. लोकलमध्ये मोबाईलवर गाणं लावून जाको मोठा की मॅकार्टनी हे ठरवणं म्हणजे पंगतीला न बसता आमटीला नावं ठेवण्यासारखं आहे. दुसरं टोक विसर्जन मिरवणुकीतलं. तिथे डीजेला 'बेस वाढव' म्हणतात, खिडक्यांच्या काचा थरथरतात, आणि त्यात सूर कुठला हे कोणालाच कळत नाही.

साताऱ्याची माझी आजी म्हणायची, "बेस वाजवतोस, म्हणजे चांगलंच वाजवतोस की!" तिला एवढाच अर्थ ठाऊक. बाकीच्यांना तेवढाही नव्हता. कार्यक्रमानंतर हमखास कोणीतरी येऊन विचारायचं, "तुमच्या गिटारला चारच तारा कशा हो?"

एकदा परळच्या एका गणपतीत तिसऱ्या गाण्याला माझ्या ॲम्प्लिफायरचा फ्यूज गेला. मी नुसताच बोटं हलवत उभा. समोरच्या हजारभर माणसांपैकी एकानेही माझ्याकडे पाहिलं नाही. पण गायिका अंतऱ्यात चाचपडू लागली, ड्रमवाला उगाचच जोरजोरात मारू लागला, आणि पहिल्या रांगेतले एक काका शेजाऱ्याला म्हणाले, "गाणं बारीक का झालं रे?" नेमकं काय नाहीसं झालं ते त्यांना सांगता आलं नसतं, पण झालेली गडबड त्यांनी बरोबर पकडली होती. तबल्याच्या मैफलीत डग्गा उचलून नेला तर काय होईल, तसंच. माझी कसोटी तिथून आली. वादकाला गाण्यातून काढून बघा. गाणं किती कोसळतं, त्यावर त्याची उंची ठरवा.

या कसोटीवर माझं मत जेम्स जेमरसनला. 'रोलिंग स्टोन'च्या यादीतही तोच पहिला आहे, पण मी यादी बघून मत देत नाही. अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या मोटाऊन या रेकॉर्ड कंपनीचा हा माणूस. आधी व्हायोलिनसारखं पण माणसाएवढं उभं डबल बेस वाजवायचा, मग फेंडर कंपनीचं प्रिसिजन बेस, म्हणजे विजेवरची बेस गिटार, हातात घेतलं. उजव्या हाताचं एकच बोट, तर्जनी, तारेवर चालायचं. 'माय गर्ल' हे १९६४ चं गाणं लावून बघा. सुरुवातच त्याच्या बेसने होते, आणि दोन सुरांत गाण्याची चाल, वेग, मूड सगळं ठरून जातं. पुढे गिटार येते ती तयार घरात राहायला आल्यासारखी.

आणि तारा! हा गडी तार तुटल्याशिवाय बदलायचा नाही. हे मी फार उशिरा वाचलं आणि हसू आवरेना. धोबीतलावला नव्या तारांचा सेट घ्यायचा म्हणजे आमचं दोन कार्यक्रमांचं मानधन जायचं. म्हणून आम्ही जुन्या तारा पातेल्यात उकळायचो. तारांतला मळ सुटतो आणि थोडे दिवस आवाज खुलतो. आई ओरडायची, "त्या पातेल्यात मी दूध तापवते रे!" आम्ही जो मळका, मेलेला आवाज घालवायला धडपडत होतो, तोच जेमरसनने जपून ठेवला होता.

जाकोबद्दल वाईट बोलणार नाही. गिटारच्या दांडीवरच्या पट्ट्या उपटून, खाचा बुजवून, वर होडीला लावतात ते इपॉक्सी फासून त्याने बेसला गळा दिला. त्याची मींड ऐकताना सारंगी आठवते. १९७६ च्या त्याच्या पहिल्या अल्बमनंतर बेसवाल्यांची एक अख्खी पिढी बिघडली, म्हणजे सुधारली असं म्हणा हवं तर. पस्तिसाव्या वर्षी, १९८७ मध्ये, तो गेला. पण तो पुढे येऊन गातो. जेमरसन मागे राहून दुसऱ्याला गाऊ देतो. मी आयुष्यभर मागे उभा राहिलो, तेव्हा माझं मत पक्षपाती आहे, हे कबूल. अंगठ्याने तारा बडवून सेकंदाला किती सूर काढले ते मोजणाऱ्यांशी मात्र मी वाद घालत नाही. तो हिशेब टायपिंगच्या परीक्षेला ठीक.

आता मुद्द्याचं. मोटाऊनच्या रेकॉर्डवर साठच्या दशकात वादकांची नावं छापत नसत. जेमरसनचं नाव ठळकपणे आलं ते १९७१ साली गायक मार्विन गेच्या अल्बमवर. १९८३ मध्ये तो वारला तेव्हाही त्याचे सूर गुणगुणणाऱ्या बहुतेकांना त्याचं नाव माहीत नव्हतं. आणि आपल्याकडे? आर. डी. बर्मन यांची गाणी मुंबईतल्या प्रत्येक रिक्षात वाजतात. त्यांच्या ताफ्यात बेस वाजवणारे टोनी वाझ किती वाचकांना ठाऊक आहेत? आपल्या पत्रसदरात तीन आठवड्यांत एकानेही हे नाव लिहिलं नाही. मुंबईचीच बेसवादक मोहिनी डे आज रहमानपासून अमेरिकन गिटारवादक स्टीव्ह वायपर्यंत सगळ्यांबरोबर वाजवते. तिचंही नाव कुणाच्या पत्रात नाही. डेट्रॉइटचा माणूस शोधायला आपण सातासमुद्रापलीकडे गेलो.

यात आपल्या वृत्तपत्राचाही थोडा हात आहे, राग नसावा. गेल्या महिन्यात दादरला जुन्या गाण्यांचा एक कार्यक्रम झाला. आपल्या परीक्षणात गायक, निवेदक, आयोजक, दीपप्रज्वलन करणारे पाहुणे आणि निवेदिकेची पैठणीसुद्धा होती. वाद्यवृंदाच्या वाट्याला 'साथसंगत उत्तम' हे दोन शब्द. मी तिथे तेराव्या रांगेत होतो. बेसवर एक विशी-बाविशीचा मुलगा होता. दुसऱ्या भागात गायक अर्धी मात्रा आधी सुटला, तेव्हा त्या पोराने एक सूर लांबवून त्याला पुन्हा समेवर आणलं. कोणाच्या लक्षातही आलं नाही. त्याचं नाव मला आपल्या अंकात वाचायचं होतं. पुढच्या परीक्षणाला जो वार्ताहर पाठवाल, त्याला निघताना स्टेजमागे पाच मिनिटं थांबून वादकांची नावं लिहून घ्यायला सांगाल का?

आपला,
एक जुना ऑर्केस्ट्रावाला, परळ, मुंबई