पायात नेमकं काय बसवलंय ते लिहून देणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,
सादर नमस्कार.

इंदूरमध्ये डर्ट बाइक (मातीच्या ट्रॅकवरची मोटारसायकल) आणि कार्ट (छोटी, बुटकी रेसिंग गाडी) चालवणाऱ्या मुलांचे आम्ही पालक आणि प्रशिक्षक. मांडीचं किंवा नडगीचं हाड मोडलेलं मूल पुन्हा गाडीवर बसलं की सर्जनचे आभार मानले जातात, फिजिओथेरपीवाल्यांचेही. ऑपरेशन थिएटरमध्ये ट्रे लावणाऱ्या टेक्निशियनला पत्र लिहायचं कुणाच्या मनात येत नाही. आम्ही लिहितो आहोत ते तुम्ही प्रत्येक फाइलीला टाचून देता त्या अर्ध्या पानाच्या कार्डासाठी.

डिस्चार्जच्या कागदावर बहुधा 'फीमर (मांडीचं हाड) फ्रॅक्चर, नेलिंग केले' एवढंच असतं. घरी त्याचं 'रॉड टाकलाय' होतं. तुमच्या कार्डावर मात्र सगळं असतं: टायटॅनियमचे दोन लवचिक नेल, म्हणजे हाडाच्या पोकळीत घालायचे दांडे, प्रत्येकी 3.5 मिलिमीटर जाडीचे, गुडघ्याच्या वर आतून आणि बाहेरून घातलेले, टोकं हाडाबाहेर किती ठेवली, कंपनीचा स्टिकर, लॉट नंबर. प्लेट असेल तर कोणत्या भोकात कोणता स्क्रू आणि तो कोणत्या ड्रायव्हरने फिरतो.

या ड्रायव्हरच्या ओळीची किंमत इम्प्लांट काढायच्या दिवशी कळते. साध्या 4.5 मिलिमीटर कॉर्टिकल (हाडाच्या कडक कवचात बसणाऱ्या) स्क्रूला 3.5 चा षटकोनी ड्रायव्हर लागतो, 3.5 च्या स्क्रूला 2.5 चा. लॉकिंग स्क्रूच्या, म्हणजे ज्याचं डोकं प्लेटच्या आट्यांतच घट्ट बसतं त्याच्या डोक्यातली खाच कधी षटकोनी, कधी ताऱ्यासारखी. ऑपरेशन एका गावात आणि काढणं दुसरीकडे असेल, तर तिथले लोक अंदाजाने सेट मागवतात. ड्रायव्हर जुळला नाही की डोक्याची खाच घासून गुळगुळीत होते. टायटॅनियमचा लॉकिंग स्क्रू प्लेटमध्ये अडकून बसलेला असला तर मग डोकं ड्रिलने उडवावं लागतं, चीर वाढते, वेळ वाढतो. त्यात मुलांचं हाड प्लेटवर चढत जातं, त्यामुळे वर्षानुवर्षं थांबलं की काम आणखी अवघड.

गाडीवर परतताना कार्डाचा उपयोग वेगळाच. डर्ट बाइक गुडघ्यांनी टाकीला आवळून धरायची असते, आणि आतल्या नेलचं टोक नेमकं तिथेच, कातडीखाली. ते टोचलं की मूल गुडघे सैल सोडतं, सगळा भार हातांवर घेतं आणि उतारावर हँडल डगमगतं. प्रशिक्षकाला वाटतं, पोरगं घाबरलंय. टोक कुठे आहे हे माहीत असलं की नी-गार्डखाली 10 मिलिमीटरचा ईव्हीए फोम लावता येतो. मधलं भोक उंचवट्यापेक्षा मोठं हवं; फोम थेट टोकावर ठेवला तर उलट जास्त दाबतो. वीस मिनिटांनी गार्ड काढून कातडी पाहायची. लाली टिकली तर त्या दिवशी गाडी बंद. कार्टमध्ये त्रास निराळा: मोठ्या मुलाला वरून कडक नेल घातला असेल तर सीटची कड खुब्याजवळच्या टोकावर घासते.

नडगीला प्लेट असेल तर तिचं वरचं टोक बुटाच्या काठाशी येतं का, हे कार्डावरची लांबी आणि एक्स-रे पाहून आधीच तपासता येतं. प्लेटने झाकलेलं हाड वाकत नाही, प्लेटच्या टोकापलीकडचं वाकतं. सगळा ताण शेवटच्या स्क्रूपाशी गोळा होतो. कडक मोटोक्रॉस बूटही काठावर तेच करतो. दोन्ही एका पातळीवर आले तर पुढच्या पडण्यात हाड तिथेच मोडण्याची भीती. नेलचं दुखणं दुसरं: पुन्हा पडल्यावर तो आतच वाकू शकतो, आणि वाकलेला नेल ओढून काढणं हा सर्जनलाही ताप.

परवानगी सर्जनचीच. दोन दिशांच्या एक्स-रेत चारपैकी तीन कडांवर हाड जुळलेलं, दुखल्याशिवाय पूर्ण वजन, गुडघा पूर्ण वाकणं, एका पायावरची उडी दुसऱ्या पायाच्या निदान 90 टक्के. मग सपाट जमिनीवर बसून, नंतर फूटपेगवर (पाय ठेवायच्या दांडीवर) उभं राहून, नंतर वळणं. वळणावर पाय बाहेर टाकला की मांडीला पीळ बसतो, म्हणून आपल्या काळ्या मातीत पावसाळ्यात हा टप्पा घेऊच नये. बुटाला चिकटलेल्या चिखलाने पाय पेगवरून सटकतो. जंप तर इम्प्लांट आत असेपर्यंत नाहीच, असं आमचं मत आहे आणि काही पालकांना ते पटत नाही. काढल्यावरही घाई नको: स्क्रूची भोकं भरायला काही महिने जातात, तोवर हाड कच्चं.

ट्रॅकवर कार्डाची लॅमिनेट केलेली प्रत किट बॅगेत असते, कोणत्या पायात काय आहे ते 108 च्या माणसांना विचारत बसावं लागू नये म्हणून.

एक विनंती. ऑपरेशनच्या दिवशीचं वजनही कार्डावर लिहाल का? लवचिक नेल साधारण 50 किलोच्या आतल्या मुलांसाठी. 42 किलोला बसवलेले नेल पुढच्या सीझनपर्यंत 50 किलोच्या मुलाच्या पायात असू शकतात. शिवाय मोडलेली मांडी वर्ष-दोन वर्षांत सेंटीमीटरभर जास्त वाढू शकते, म्हणून दोन्ही पायांची लांबी मोजायची तारीखही असली तर आम्ही आखूड पायाखाली 5 मिलिमीटरच्या फळ्या ठेवून कंबर समपातळीत येते का ते पाहत राहू आणि फरक दिसला की सर्जनना कळवू.

आपले कृतज्ञ,
पालक आणि प्रशिक्षक, इंदूर