कुर्डुवाडीचं ते एक वाक्य

प्रिय बंडू,

सप्रेम नमस्कार. तुझ्या तीन पत्रांना उत्तर दिलेलं नाही, तेव्हा शिव्या घालायचा तुझा हक्क मान्य. बीपीची गोळी चालू, बाकी ठीक. आज बसलो ते स्मरणिकेच्या प्रुफापायी. आपल्या कुर्डुवाडी स्टेशनच्या इतिहासाला दोन पानं दिलीत आणि शेवटी ठोकून दिलंय, 'नॅरोगेज अपयशी ठरल्याने काढण्यात आली.' चार दिवस हे वाक्य डोक्यातून जात नाही, आणि तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

अरे, अपयशी कशात? मेन लाइन बार्शीला बगल देऊन गेली, म्हणून तर आपल्या स्टेशनचं जुनं नाव 'बार्शी रोड'. (नावात 'रोड' दिसला की समजावं, गाव लांब आहे.) कापसाची पेठ २१ मैलांवर, मधे बैलगाडीचा रस्ता. १८९७ साली एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं नॅरोगेज, म्हणजे दोन रुळांत २ फूट ६ इंचच अंतर असलेली लाइन टाकून स्टेशन आणि पेठ जोडली. पुढं १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज. एकूण २०२ मैल. अपयशी लाइन तीस वर्षं वाढत जाते होय?

'कंजूष गोऱ्याचं खेळणं' हे तुझं जुनं तुणतुणं मला पाठ आहे. कंजूषपणा नव्हे लेका, हिशेब! रूळ यार्डाला ३० पौंडी, म्हणजे मीटरला जेमतेम १५ किलो. आज मेन लाइनला ६० किलोचा असतो. एरवी इंजिन जड, म्हणून त्याच्यापुरता रूळ भक्कम घालायचा आणि मागच्या हलक्या डब्यांपुरता तो पैसा वाया. यानं इंजिन आणि वॅगन दोघांना एकच नियम लावला: कुठल्याही एक्सलवर (चाकांच्या जोडीच्या आसावर) ५ टनांच्या वर भार नको. म्हणून इंजिनाला एकमेकांना जोडलेली आठ चाकं, वजन पसरायला. वॅगनखाली दोन बोगी (चाकांचे गाडे), मिळून चार एक्सल, म्हणजे मालासकट २० टन. सांगाडा दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याचा, म्हणजे डब्याचं स्वतःचं वजन कमी आणि तेवढा माल जास्त. याच बाबानं पुढं विमानातून उडी मारायचं पॅराशूट काढलं, नाव 'गार्डियन एंजल'. त्यालाही तू खेळणंच म्हणशील.

खरं दुखणं लाइनीत नव्हतं, तिच्या टोकांना होतं. कुर्डुवाडीला ब्रॉडगेज, मिरजेला मीटरगेज, दोन्ही हिच्याहून रुंद. डबा पुढं जायचा नाही, माल उतरवायचाच. ब्रॉडगेजचा २२ टन मालाचा डबा धर, क्विंटलची २२० पोती. प्रत्येक पोतं एका डब्यातून पाठीवर घेऊन दुसऱ्यात. हूक लागला की पोतं फाटलं, धान्य फलाटावर, तूट कुणाच्या नावावर टाकायची यावर वाद. समोरच्या रुळावर रिकामा डबा नसला की माल शेडमध्ये पडून, आणि नेमका तेव्हाच पाऊस. ट्रकवाला दारात भरतो, दारात उतरवतो. त्याच्यापुढं टिकणार कशी? १९५४ ला सरकारनं ही लाइन चालवणारी बार्शी लाइट रेल्वे कंपनी घेतली तरी हे ओझं तसंच राहिलं. मग १९९२ चं 'सगळीकडं एकच गेज' धोरण आलं.

आणि गेज बदलणं म्हणजे रूळ फाकवणं नव्हे, हेही त्या प्रुफात नाही. भराव रुंद करायचा, वळणं सैल करायची, पूल नव्यानं बांधायचे. उस्मानाबाद (आताचं धाराशिव) तर जुन्या लाइनवर नव्हतंच, नवी लाइन वळवून गावाशी आणली.

एप्रिल २०१६ आठवतो ना? मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी गेली, पहिल्या खेपेला १० टाक्या, प्रत्येकी ५०,००० लिटर. नुसतं पाणीच ५० टन, चार एक्सलवर साडेबारा-साडेबारा, वर टाकीचं वजन वेगळं. कॅलथ्रॉपच्या रुळावर ती गाडी उभीही राहिली नसती, एवढं तुझं कबूल करतो. पण मिरज-पंढरपूर-कुर्डुवाडी-लातूर ही वाट आखून ठेवली कुणी?

पोरीला नोकरी लागल्याचं कळलं, पेढे तुझ्याकडं बाकी. वहिनींच्या गुडघ्याला शेक चालू ठेव.

आता कामाचं. 'अपयशी ठरल्याने' च्या जागी 'दोन्ही टोकांना माल बदलावा लागत असल्याने' असं घालतोय. पण ओळ लांबते आणि संपादक एक अक्षरही वाढवू देत नाही. 'खेळणं' शब्द न घालता दोन ओळींत बसवून दे. शुक्रवारी प्रूफ परत जातंय, तेव्हा पत्र नको, फोन कर.

तुझा,
दिगू