हे माझं नाही, हिचं आहे

काका, शिरसाष्टांग नमस्कार.

परवा माझ्या कादंबरीच्या प्रती घरी आल्या. पहिली प्रत भुसावळला तुमच्याकडे जाणार हे ठरलेलंच होतं. पण तुमच्यासमोर आभार मानायला जावं, तर तुम्ही "बरं बरं" म्हणून गाडी केव्हाची आहे ते विचारणार आणि काकू दशम्या बांधून देणार. म्हणून इथे, चारचौघांत लिहिते.

तुमच्याआधी हे बाड एका प्रकाशकांकडे चौदा महिने होतं. परत आलं तेव्हा मी मारलेली सुतळीची गाठ तशीच होती. सोबत चिठ्ठी: "शैली आश्वासक आहे." गाठ न सोडता शैली कळते, म्हणजे सिद्धीच म्हणायची! दुसऱ्या एका जाणत्या गृहस्थांनी फोनवर सुनावलं, "तुमच्याकडच्या बाईने केळीच्या बागांवर लिहावं, स्वित्झर्लंड कशाला?" अहो, पाचोऱ्याची माणसंही टूरवर जातात. नवरा-बायको, सासू, नणंद आणि तिचे यजमान, बारा दिवस एका बसमध्ये, बॅगेत शेव आणि कळण्याचं पीठ. घरी अबोला धरला तर माणूस गच्चीवर तरी जातो. तिथे जाणार कुठे? मला तेवढंच लिहायचं होतं.

तुम्हाला वाचायला दिलं ते खरं तर गाडीपुरतं. युंगफ्राउयोखला, म्हणजे तिथल्या डोंगरावरच्या बर्फातल्या स्टेशनला, जाणाऱ्या गाडीत त्या नवरा-बायकोचं मोठं भांडण होतं. म्हटलं, आयुष्यभर गार्डाच्या डब्यात बसलेल्या माणसाने ते प्रकरण एकदा बघावं. तुम्ही सगळं बाड वाचलंत. समासात बारीक पेन्सिल. "दातेरी रूळ, मीटर गेज, 1912 पासून चालू. खालच्या क्लायने शायडेग स्टेशनापासून वरचं स्टेशन नऊ किलोमीटरच्या वर, त्यातले सात किलोमीटर बोगद्यात. मग ही बाई अर्धा तास खिडकीतून बर्फ कसा बघते?" मी त्या गाडीतून 3,454 मीटरवर जाऊन आलेली, आणि बोगदा आठवला तुम्हाला, ज्यांच्याकडे पासपोर्टसुद्धा नाही! पुढे एके ठिकाणी, "तिकडे रात्रीचे अकरा, म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे अडीच. एवढ्या अपरात्री फोन आला तर आई आधी 'कोण गेलं' विचारेल." ते तर मी जसंच्या तसं कादंबरीत घेतलं.

पण पत्र लिहायला बसवलं ते दोनशे अकराव्या पानाने. तिथे समासात एकच ओळ आहे: "तिले खिडकीजोडे कोनी बसाडं का?" आणि खाली कंसात, जरा लहान अक्षरात: "हे माझं नाही, हिचं आहे."

तेव्हा कळलं की काकूंच्या मोतीबिंदूमुळे तुम्ही रोज संध्याकाळी त्यांना मोठ्याने वाचून दाखवत होतात. माझ्या कादंबरीतली सासू चारशे पानं कुरकुरत होती. थंडी, चहा, सूनबाईची पॅंट. काकूंनी एका प्रश्नात तिला माणूस केलं. बारा दिवस, बस, बोट, गाडी, आणि दर वेळी ती मधल्या वाटेच्या बाजूला, मांडीवर सगळ्यांचे कोट घेऊन. लिहिताना मला ते दिसलं नव्हतं. कादंबरीतलं सोडा, आमच्या खऱ्या सहलीतही तसंच झालं होतं. फोटो काढून बघितले. एकाही फोटोत सासूबाई खिडकीशी नाहीत.

आणि तो कंस. तुम्ही नुसता प्रश्न लिहिला असतात तरी मी तुमचेच पाय धरले असते, कोणाला कळणार होतं? आमच्या शाळेत बाईंनी रात्र जागून केलेला तक्ता प्रदर्शनात सरांच्या नावाने लागतो आणि सर टाळ्याही घेतात. बायकोचं बोट कापलं तर पट्टी बांधणारे नवरे पुष्कळ पाहिले, पण तिची अक्कल तिच्या नावावर जमा करणारे फार नाहीत. माझ्या कादंबरीतला नवरा शेवटपर्यंत हे एक वाक्य बोलू शकत नाही. भांडण तिथेच तर आहे. तुम्ही ते पेन्सिलीने, सहज, कंसात लिहून मोकळे झालात.

ते प्रकरण मी पुन्हा लिहिलं. भांडण आता पूर्ण बोगद्यात होतं. अर्पणपत्रिकेत काकूंचं नाव आधी आहे. त्यावर तुम्ही रागावणार नाही, एवढं आता ओळखते.

रविवारी प्रत घेऊन सकाळच्या गाडीने येतोय. सासूबाईही येणार आहेत. गेल्या महिन्यात जळगावला जाताना त्यांना मुद्दाम खिडकी दिली होती. माहेजी जाईपर्यंत बसल्या, मग पदर डोक्यावर ओढून म्हणाल्या, "ऊन लागी राहिनं, तूच बैस आठे."

तुमची,
पाचोऱ्याची बाई