गणवेश पुढे, हिशेब मागे

१४ जून २०२२ रोजी तरुणांना चार वर्षांसाठी सैन्यात घेणारी अग्निपथ योजना जाहीर झाली तेव्हा संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांच्यासोबत तिन्ही सेनादलांचे प्रमुख होते. आंदोलनं पेटल्यावर खुलासे करायलाही गणवेशातलेच अधिकारी पुढे आले. निर्णय सरकारचा, पण शंका काढणारा लष्कराच्या विरोधात गेल्यासारखा दिसू लागला. सैन्याचं सरासरी वय ३२ वरून २६ वर येईल, हे ठासून सांगितलं गेलं. चार वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्केच कायम होणार, बाकीच्यांना पेन्शन नाही, हे सांगताना आवाज जरा खाली गेला. तरुण सैन्य हवं, मान्य. पण सातारा-सांगलीकडे पहाटे भरतीसाठी धावणाऱ्या पोरांच्या आईबापांना देशभक्तीचे धडे नकोत. निवृत्तिवेतनावरचा किती खर्च वाचणार, तेवढं सरकारने संसदेत स्पष्ट सांगावं.

— एक वाचक, सातारा