गाडीच्या एसीतला गॅस 'संपत' नसतो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मे महिना लागला की आमच्या अकोल्यात गाडीच्या एसीची कामं करणाऱ्या गॅरेजसमोर रांग लागते आणि सगळ्यांच्या तोंडी एकच, गॅस संपला, भरून द्या. मीपण तीन उन्हाळे हेच केलं. दीड-दोन हजार द्यायचे, काही दिवस मस्त गारवा, आणि पुढच्या एप्रिलात परत तेच रडगाणं. यंदा आईला डोळ्याच्या तपासणीला नागपूरला नेत होतो, मूर्तिजापूर सोडलं आणि एसीतून गरम वारा यायला लागला, बाहेर ४५ डिग्री, काचा खाली केल्या तर आतमध्ये नुसत्या झळा, आई काही बोलली नाही पण पदर ओला करून डोक्यावर घेऊन बसली ते मला आरशात दिसत होतं.

अमरावतीत एका जुन्या मिस्त्रीकडे गाडी लावली. ते म्हणाले, "भाऊ, हा गॅस काय पेट्रोल आहे का जळून संपायला? बंद नळ्यांमधून फिरत राहतो तो, कमी झाला म्हणजे कुठूनतरी निघून गेला, आधी ती जागा सापडली पाहिजे." मला हे तीन वर्षांत एकानंही सांगितलं नव्हतं.

त्यांनी समोरच्या जाळीतून टॉर्च मारला. गाडीच्या तोंडाशी असतो तो कंडेन्सर, म्हणजे गरम गॅस थंड करणारा भाग, त्याच्या खालच्या कोपऱ्यात अंगठ्याएवढा काळा, तेलकट डाग होता, त्यावर धूळ चिकटलेली. कॉम्प्रेसरचं तेल गॅससोबतच फिरतं म्हणून जिथून गॅस जातो तिथे तेल साचतं. ब्रशनं साबणाचा फेस लावला तर एक बारीक बुडबुडा हळूहळू फुगला, फुटला, परत फुगला. हायवेवर कधीतरी उडालेला खडा लागला असणार. एवढ्याशा भोकापायी मी तीन वेळा पैसे मोजले होते!

पुढचं काम मी उभं राहून पाहिलं. आधी मशीन लावून उरलेला गॅस सिलिंडरमध्ये ओढून घेतला, कंडेन्सर, गॅसमधला ओलावा शोषणारा ड्रायर आणि जोडावरचे रबरी रिंग बदलले, मग अर्धा तास व्हॅक्यूम. त्यानं नळ्यांमधली हवा आणि ओलावा निघून जातो, आणि पंप बंद केल्यावर गेजचा काटा जागचा हलला नाही तर समजायचं की लीक नाही. मग बॉनेटखालच्या स्टिकरवर ४८० ग्रॅम लिहिलं होतं तेवढाच गॅस काट्यावर मोजून भरला. आधीच्या गॅरेजमध्ये तर नळी हाताला गार लागली की झालं, मोजमाप काही नाही. जास्त भरला तरी प्रेशर वाढून गारवा कमीच होतो आणि कॉम्प्रेसरवर लोड येतो हेही तेव्हाच कळलं.

पण पत्र लिहायचं खरं कारण वेगळं आहे. त्या आधीच्या गॅरेजमध्ये दरवर्षी पोरगा व्हॉल्व्हची टोपी काढायचा आणि स्क्रूड्रायव्हरनं पिन दाबून जुना गॅस सरळ हवेत सोडायचा, फुस्स आवाज, पांढरी वाफ, बंपरवर तेलाचे थेंब. मी बाजूला उभा राहून चहा प्यायचो. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत आर-१३४ए गॅस असतो. जुन्या आर-१२ सारखा तो ओझोनला भोक पाडत नाही हे खरं, पण तापमानवाढीच्या हिशोबात त्याचा एक किलो म्हणजे सुमारे १४३० किलो कार्बन डायऑक्साइड. अर्धा किलो सोडला तर जवळपास ३०० लिटर पेट्रोल जाळल्यासारखं झालं. उन्हाळा सहन होत नाही म्हणून आपण एसी दुरुस्त करतो आणि करताना उन्हाळाच वाढवतो, याचं मला फार वाईट वाटतं.

२०१६ मध्ये रवांडातल्या किगालीत झालेल्या आंतरराष्ट्रीय करारात असे गॅस कमी करायचं ठरलं, भारतानं २०२१ मध्ये त्याला मान्यता दिली, आपल्याकडची कपात २०३२ पासून सुरू होणार आहे. पण गल्लीतल्या गॅरेजपर्यंत यातलं काय पोचलंय? धुरासाठी पीयूसी लागते, एसीच्या गॅसबद्दल मात्र कोणी विचारत नाही. गॅस ओढून घेणारी मशीन महाग असते, छोट्या गॅरेजवाल्याला ती परवडत नाही हे मला मान्य आहे, म्हणूनच शासनानं त्यासाठी अनुदान द्यावं आणि आयटीआयमधून या मिस्त्रींना थोड्या दिवसांचं ट्रेनिंग द्यावं. आणि एलपीजीसारखे जळणारे स्वस्त गॅस एसीत भरणाऱ्यांवर तर कारवाईच झाली पाहिजे, कूलिंग कॉइल डॅशबोर्डच्या आत असते, ती लीक झाली तर गॅस सरळ बसलेल्या माणसांत येतो.

वाचकांनीपण गॅस भरायच्या आधी लीक कुठंय हे विचारावं, बॉनेटखालचा स्टिकर बघावा, काही नव्या गाड्यांत आर-१२३४वायएफ हा वेगळा गॅस असतो, त्यात दुसरा चालत नाही. आणि बिलावर गॅसचं नाव व ग्रॅम लिहून मागावेत. माझ्या अमरावतीच्या बिलावर ते लिहिलेलं आहे, आधीच्या तिन्ही बिलांवर फक्त 'एसी काम' एवढंच.

आपला,
एक वाचक, अकोला